फ्लोराइडचे संशोधन आणि मुलांचे दात

यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्वेकडील केळापूर, मारेगाव, झरी-जामणी, वणी या तालुक्यांतील काही गावांच्या भूजलात फ्लोराइडचे प्रमाण जास्त आहे, ही गोष्ट आता नवी राहिलेली नाही. पांढरकवडा परिसरातील भूजलातील फ्लोराइडवर 'करंट सायन्स' या नियतकालिकात २००७ साली एक लेख प्रसिद्ध झाला होता. देशाच्या इतर भागांतूनही या विषयावर शोधनिबंधांचा ओघ चालू आहे. भूशास्त्राचे विद्यार्थी विहिरींचे पाणी तपासतात, अभियांत्रिकीचे विद्यार्थी फ्लोराइड काढण्याच्या युक्त्या शोधतात, दंतवैद्यकाचे विद्यार्थी शाळेत येऊन मुलांचे दात पाहतात. या संशोधनाचे सारांश वर्तमानपत्रांतून शिक्षकांपर्यंत पोचतात. त्यात भक्कम काय आणि लंगडे काय, हे येथे तपासून पाहू.

सर्वांत भक्कम काम भूजलाचे आहे. खडकातील फ्लोराइडयुक्त खनिजांमधून फ्लोराइड पाण्यात उतरते. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल, तर त्याचा फ्लोराइडशी संयोग होऊन कॅल्शियम फ्लोराइड तयार होते. ते फारसे विरघळत नाही, म्हणून फ्लोराइडला आपोआप आळा बसतो. पण सोडियम व बायकार्बोनेट जास्त असलेल्या पाण्यात कॅल्शियम चुनखडीच्या रूपाने आधीच बाहेर पडते आणि फ्लोराइडला मोकळे रान मिळते. पाणी खोल खडकात जितका जास्त काळ मुरते, तितकी ही क्रिया पुढे जाते. त्यामुळे पुष्कळदा उथळ विहिरीचे पाणी बरे आणि त्याच गावातील खोल विंधन विहिरीचे वाईट, असे आढळते. गंमत अशी की असे पाणी 'मऊ' असते. त्यात साबणाला फेस छान येतो, डाळही लवकर शिजते. फ्लोराइडला रंग, वास, चव नाही. पाणी उकळल्याने ते जात नाही, उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण थोडे वाढतेच. म्हणजे 'चांगले पाणी' ओळखण्याच्या घरगुती खुणा येथे उपयोगी पडत नाहीत. हे रसायनशास्त्र नववी-दहावीच्या वर्गात सहज शिकवता येईल.

मात्र या निबंधांचा मापदंड 'लिटरमागे किती मिलिग्रॅम' एवढाच असतो. भारतीय मानकानुसार १ मिलिग्रॅम ही स्वीकारार्ह मर्यादा आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंतचे पाणी चालवून घेतले जाते. पण मूल लिटर पीत नाही, तहानेइतके पाणी पिते. दिवसाला २ लिटर पिणाऱ्याच्या पोटात १.५ मिलिग्रॅमच्या पाण्यातून ३ मिलिग्रॅम फ्लोराइड जाते. मे महिन्यात शेतावर राबणाऱ्या घरातला मुलगा त्याच हापशाचे ४ लिटर पाणी प्यायला, तर त्याच्या पोटात ६ मिलिग्रॅम जाते. थंड देशात आखलेली मर्यादा विदर्भाच्या उन्हाळ्यात तशीच लावता येत नाही. स्थानिक हवामान लक्षात घेऊन मर्यादा ठरवावी, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. तेव्हा कोणते मूल घरी, शेतावर आणि शाळेत कोणत्या स्रोताचे किती पाणी पिते, ही माहिती नसलेला निबंध आम्ही अर्धाच समजतो.

अभियांत्रिकीकडे वळू. या क्षेत्रात नागपूरचे नाव मोठे आहे. तेथील राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे 'नीरी'ने, १९७० च्या दशकात 'नलगोंडा तंत्र' विकसित केले. तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर घालून पाणी ढवळायचे, गाळ बसू द्यायचा आणि पाणी गाळून घ्यायचे, अशी ही साधी रीत आहे. त्यानंतर शेतातील टाकाऊ पदार्थ, झाडांच्या साली, बिया, राख अशा स्वस्त शोषकांवर असंख्य प्रयोग झाले. या निबंधांत 'इतके टक्के फ्लोराइड निघाले' असे ठळकपणे सांगितलेले असते, आणि येथेच वाचकाने सावध व्हावे. १० मिलिग्रॅमच्या पाण्यातून ८० टक्के फ्लोराइड काढले, तरी मागे २ मिलिग्रॅम उरते. ते पाणी पिण्यायोग्य होत नाही. 'किती गेले' यापेक्षा 'किती उरले' हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

दुसरी अडचण अशी की प्रयोगाचे पाणी बरेचदा ऊर्ध्वपातित पाण्यात सोडियम फ्लोराइड मिसळून केलेले असते. गावच्या पाण्यातील बायकार्बोनेट शोषकावरची जागा अडवून बसते. काचेच्या चंचुपात्रात तो स्पर्धक नसतो. तिसरी अडचण साध्या गुणाकाराने कळते. समजा, लिटरमागे १० ग्रॅम शोषक लागतो. पाच माणसांच्या घराला पिण्या-स्वयंपाकासाठी रोज ४० लिटर पाणी लागले, तर दिवसाला ४०० ग्रॅम, म्हणजे महिन्याला १२ किलो शोषक हवा. तो आणणार कोण, आणि फ्लोराइडने भरलेला टाकाऊ शोषक टाकायचा कोठे? कोलामांच्या एखाद्या पोडावर हे कसे चालेल, याचा विचार निबंधात नसेल, तर तो रसायनशास्त्राचा चांगला प्रयोग ठरेल, पण पाणीपुरवठ्याचा उपाय ठरणार नाही.

आता मुलांकडे येऊ. सर्वांत मोठी चूक येथे होते, आणि ती काळाविषयीची आहे. दातांवर पांढरे ठिपके, पिवळे-तपकिरी पट्टे दिसणे म्हणजे दंत-फ्लोरोसिस. एच. ट्रेंडली डीन यांनी १९३४ साली त्याची प्रतवारी केली आणि पुढे ती सुधारली. आजही ती वापरात आहे. पण हे डाग पडतात ते दाताचे एनॅमल तयार होत असताना. पुढच्या कायमच्या दातांचे एनॅमल जन्मापासून साधारण चार-पाच वर्षांपर्यंत हिरडीच्या आत बनते. अक्कलदाढ सोडली तर बाकीच्या दातांचे काम आठव्या वर्षापर्यंत आटोपते. म्हणून चौदा वर्षांच्या मुलीचे पुढचे दात आजच्या पाण्याविषयी काहीच सांगत नाहीत. तिने दहा-चौदा वर्षांपूर्वी जे पाणी प्यायले, त्याची ती नोंदवही आहे.

असे असूनही आज हापशाचे पाणी तपासायचे, आजच आठवी ते दहावीच्या मुलांचे दात पाहायचे आणि दोन्ही आकडे शेजारी मांडायचे, ही अशा पाहण्यांची सर्रास रीत आहे. त्यातून दोन उलटे निष्कर्ष निघू शकतात. जलजीवन मिशन २०१९ साली सुरू झाले. समजा, त्यानंतर एखाद्या गावाला नळाने चांगले पाणी मिळू लागले. तेथील आजच्या किशोरवयीन मुलांच्या दातांवरचे डाग तसेच राहणार, आणि घाईतला संशोधक 'योजनेचा उपयोग झाला नाही' असे लिहून मोकळा होईल. उलट, जेथे तीनच वर्षांपूर्वी खोल विंधन विहीर खोदली, तेथील मोठ्या मुलांचे दात स्वच्छ दिसतील आणि 'पाणी निर्धोक' असा शेरा पडेल. त्याच वेळी अंगणवाडीतल्या मुलांच्या हिरडीत दात बिघडत असतील. आजचे सेवन पाहायचे तर लघवीतील फ्लोराइड तपासावे लागते. आणि योजनेचे यश दातांवरून पाहायचे तर योजनेनंतर जन्मलेल्या मुलांचे पुढचे दात येईपर्यंत थांबावे लागते. २०१९ साली जन्मलेल्या मुलांची ती वेळ २०२६-२७ च्या सुमारास येते. ती दवडू नये.

मुलांच्या मनःस्वास्थ्यावरील अभ्यासांत हसताना तोंडावर हात ठेवणे, वर्गात बोलायला संकोचणे अशा गोष्टी विचारल्या जातात. हे योग्यच आहे. पण विदर्भात खर्ऱ्याचे व्यसन फार असल्याने तपकिरी दातांच्या मुलावर खर्रा खाण्याचा आळ सहज येऊ शकतो. फ्लोरोसिसचे डाग एनॅमलमध्येच असतात, बहुधा उजव्या-डाव्या जोडीच्या दातांवर सारखेच दिसतात आणि घासून जात नाहीत. हा फरक शिक्षकाला ठाऊक असला, तर एखादे मूल फुकटच्या अपमानातून वाचेल.

बुद्ध्यांकाच्या बातम्या याहून जपून वाचाव्यात. अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाने २०२४ साली निष्कर्ष काढला, की लिटरमागे १.५ मिलिग्रॅमहून अधिक फ्लोराइड आणि मुलांचा कमी बुद्ध्यांक यांत संबंध दिसतो. त्याविषयीचा विश्वास मात्र 'मध्यम' आहे. २०२५ च्या आरंभी ७४ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यांपैकी ५२ अभ्यासांत पूर्वग्रहाचा धोका मोठा असल्याचे विश्लेषकांनीच नोंदवले. गरिबी, रक्तक्षय, शाळेतील गैरहजेरी या गोष्टी खराब पाण्याच्या गावांतही असतातच. त्या वेगळ्या काढल्याशिवाय दोष एकट्या फ्लोराइडवर टाकता येत नाही. या संशोधनावरून स्वच्छ पाण्याची मागणी जरूर करावी. एखाद्या गावच्या मुलांवर 'मंद' असा शिक्का मात्र कोणीही मारू नये.

आमचा आक्षेप संशोधकांच्या मेहनतीवर नाही. तीन शाखा तीन वेगळ्या वह्यांत लिहितात आणि मुलाचे वय हा दुवा सुटतो, हा आमचा आक्षेप आहे. तो दुवा शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात असतो. प्रत्येक मुलाचे जन्मवर्ष, जन्मापासून तो राहिलेली गावे आणि त्या त्या वर्षी घरात येणारे पाणी कोठले होते, एवढी माहिती पालकांना विचारून शिक्षक लिहून ठेवू शकतात. पुढच्या वेळी एखादे पथक दात तपासायला आले, की हा तक्ता त्यांच्यापुढे ठेवावा. आणि तपासणी संपल्यावर निकालाची एक प्रत, मराठीत, शाळेला मागावी.