अवकाशातील हिरवळीच्या तीन रोजनिशा

अंतराळस्थानकात भाजीपाला पिकविण्याच्या प्रयत्नांविषयी वृत्तपत्रांतून जे वाचावयास मिळते त्यात दिव्यांचे रंग असतात, पाण्याची मापे असतात, वाणांची नावे असतात. ज्या माणसाने ते रोप वाढविले तो मात्र क्वचितच भेटतो. त्याला भेटावयाचे तर साहित्याकडेच वळावे लागते. या विषयावरील ज्या तीन कृती आम्हांला पुन्हा वाचाव्याशा वाटल्या त्या तिन्ही रोजनिशीच्या रूपात आहेत. हा योगायोग असेलही. आम्हांला तो तसा वाटत नाही. महिनोन्‌महिने तेच दोन-चार चेहरे पाहणाऱ्या माणसाला रोज उठून नवे लिहावे असे जे थोडे उरते, त्यात वाढते रोप येते.

पहिली रोजनिशी खरीखुरी आहे. सोव्हिएत अंतराळवीर व्हॅलेंतिन लेबेदेव १३ मे १९८२ रोजी आनातोली बेरेझोव्हॉय यांच्यासह सल्यूत-७ या स्थानकाकडे निघाले आणि १० डिसेंबरला परतले. या २११ दिवसांची त्यांची रोजनिशी इंग्रजीत १९८८ साली ग्रंथरूपाने आली. सोव्हिएत स्थानकांवर रोपे नेण्याची प्रथा त्यापूर्वीची. १९७१ सालच्या पहिल्या सल्यूतवर अळशीचे रोप होते. लेबेदेव यांच्या मुक्कामात मात्र अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातील लहानशा वनस्पतीने अवकाशात फुलून बी धरले, आणि असे करणारी ती पहिली वनस्पती ठरली. विज्ञानाच्या इतिहासात या घटनेला एक ओळ मिळते. रोजनिशीत तिच्याभोवती दोन माणसांचे सगळे आयुष्य आहे: कामाचा शीण, जमिनीवरून येणाऱ्या सूचनांचा वैताग, सहकाऱ्याशी होणारी धुसफूस, घरची ओढ. लेबेदेव शैलीकार नव्हेत. पुष्कळ पाने यंत्रांच्या कंटाळवाण्या तपशिलांनी भरली आहेत, ती आम्हीही भरभर उलटली. पण जो मनुष्य आपली चिडचिड लपवीत नाही त्याने रोपाविषयी लिहिलेले ममतेचे चार शब्द आपण विश्वासाने वाचतो. या ग्रंथाचे मोल आम्हांस तेथे वाटते.

दुसरी रोजनिशी काल्पनिक आहे, आणि जगभर वाचली गेली ती हीच. अँडी वियर यांची ‘द मार्शियन’ ही कादंबरी लेखकाने प्रथम २०११ साली स्वतःच प्रकाशित केली. २०१४ साली ती मोठ्या प्रकाशनगृहाकडून आली आणि पुढच्याच वर्षी तिच्यावर चित्रपट निघाला. मंगळावर एकटा मागे राहिलेला वनस्पतिशास्त्रज्ञ मार्क वॉटनी सणाच्या जेवणासाठी पाठविलेले बटाटे पेरतो, मंगळाच्या मातीत मानवी मैला कालवून ती जिवंत करतो, इंधनापासून पाणी मिळविताना स्वतःला जवळजवळ उडवून घेतो. शेती म्हणजे कष्ट, आणि माती ही करावी लागते, हे या तिघांत वियर यांनीच दाखविले. त्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. मंगळाच्या मातीत परक्लोरेट ही घातक द्रव्ये आहेत हे फीनिक्स यानाने २००८ सालीच दाखविले होते आणि कादंबरी त्याविषयी गप्प आहे, असा आक्षेप जाणकार घेतात. आम्हांला त्याचे फारसे वाटत नाही. कादंबरीकाराला तेवढी सवलत असावी.

आमचा आक्षेप निराळा आहे. वॉटनीच्या लेखी बटाटा म्हणजे उष्मांक. किती रोपे, किती उष्मांक, किती दिवस. निवासाचे कापड फाटून सारे पीक एका क्षणात गोठते, हा कादंबरीतील सर्वांत भीषण प्रसंग. परंतु तेथेही शोक फार वेळ टिकत नाही, लगेच उरल्या बटाट्यांची मोजदाद सुरू होते. विनोदी, धीराचा नायक म्हणून हे शोभते. पण या लोकप्रिय पुस्तकाने वाचकाच्या मनात जे ठसविले त्याने प्रत्यक्षातील रोपांची बाजू दुबळी होते. उष्मांकांच्या हिशेबात ताजी भाजी नेहमीच हरणार. कोरडे, डबाबंद अन्न वजनाला हलके आणि भरवशाचे. लेट्यूसच्या पानात पोट भरण्यासारखे जवळजवळ काहीच नसते. तरीही ते पान हवे, कारण साठविलेल्या अन्नातील क जीवनसत्त्व आणि थायमिन काळाबरोबर घटत जातात, आणि मंगळाची जाऊन-येऊन वारी सुमारे तीन वर्षांची आहे. दुसरे कारण मोजता येत नाही. ते सांगण्याचे काम कादंबरीचे होते, आणि तेवढेच तिने सोडून दिले.

ते काम तिसऱ्या, आकाराने अगदी लहान अशा रोजनिशीने केले आहे. अमेरिकी अंतराळवीर डॉन पेटिट यांनी २०१२ साली आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकावर प्लास्टिकच्या पिशवीत झुकिनीचे रोप वाढविले. झुकिनी ही भोपळ्याच्या कुळातील विलायती भाजी. हा कोणत्याही अधिकृत प्रयोगाचा भाग नव्हता, फावल्या वेळेचा छंद होता. रोजनिशी त्यांनी लिहिली ती त्या रोपाच्या तोंडून. रोपाला ‘माळी’ तेवढा ठाऊक आहे. पुढे ब्रोकोली आणि सूर्यफूल ही शेजारी येतात. ही युक्ती कोठे कोठे बालिश होते, आणि झुकिनीच्या तोंडी खुसखुशीत अमेरिकी विनोद ऐकून आम्हांस थोडे अवघडल्यासारखेही झाले. परंतु तिचा एक लाभ मोठा आहे. माणसाने लिहिले असते तर ‘मला हिरवळीची आठवण येते’ असे लिहिले असते, आणि ते वाक्य आपण यापूर्वी शंभर वेळा वाचले आहे. येथे रोप पाहते की ही माणसे जवळ येतात, नाक लावतात आणि वास घेतात. बंद हवेत यंत्रांच्या आणि माणसांच्या वासात राहणाऱ्यांना पानाचा वास हवा असतो, एवढेच. कोणी हळवे होत नाही. लेबेदेव यांना जे सांगावयाचे होते ते पेटिट यांनी थट्टेच्या आडून सांगितले. याच पेटिट यांनी २०२४-२५ च्या मुक्कामात जांभळा बटाटा वेल्क्रोने चिकटवून वाढविला आणि त्याचे नाव ‘स्पडनिक’ ठेवले. वियर यांच्या नायकाला मिळालेले हे उत्तर आम्हांला फार आवडले.

अधिकृत प्रयोगांच्या नोंदींतही कथा लपलेल्या आहेत. १० ऑगस्ट २०१५ रोजी स्कॉट केली, चेल लिंडग्रेन आणि किमिया युई यांनी स्थानकावर पिकविलेली तांबडी लेट्यूस चाखली. अर्धे पीक गोठवून प्रयोगशाळेसाठी ठेवले होते. त्याहून रंजक प्रकरण फ्रँक रुबियो यांचे. ३७१ दिवसांच्या मुक्कामात त्यांनी खुडलेला एक टोमॅटो पिशवीसह हरवला. वजनहीन अवस्थेत वस्तू खाली पडत नाही, ती कोठेही जाते. रुबियोंनीच तो खाल्ला असावा, अशी सहकाऱ्यांनी थट्टा केली. ते पृथ्वीवर परतल्यानंतर, २०२३ च्या डिसेंबरात, तो सुकलेला सापडल्याचे जाहीर झाले. संशय, बंद घर आणि एक फळ, एवढी सामग्री हाताशी असूनही यावर चांगली कथा लिहिलेली आमच्या वाचनात नाही.

आपल्याकडे तर रोजनिशीही नाही. डिसेंबर २०२४ अखेरीस पीएसएलव्ही-सी६० सोबत गेलेल्या छोट्या पेटीत चवळीच्या आठ बिया होत्या. चार दिवसांत त्यांना मोड आले आणि पुढे पानेही फुटली, पण तेथे पाहणारा माणूस नव्हता. २०२५ च्या जून-जुलैत शुभांशु शुक्ला यांनी स्थानकावर मूग आणि मेथी रुजविली. तो प्रयोग धारवाडच्या कृषी विद्यापीठाचा आणि तेथील आयआयटीचा. बेळगावकर वाचकांना धारवाड कोठे आहे हे सांगावे लागत नाही. अंकुर शीतपेटीत ठेवून परत आणण्यात आले, कारण त्यांचा अभ्यास व्हावयाचा होता. मेथीचा वास बोटांना किती वेळ राहतो हे ज्याला ठाऊक आहे अशा माणसाने त्या दिवसांविषयी लिहावे, अशी आमची अपेक्षा आहे. लिहावयाचे झाल्यास नमुना म्हणून लेबेदेव यांच्याकडे पाहावे, वियर यांच्याकडे नव्हे.