समर्थ नट, रिती कथा

उत्तम नट एकत्र आले म्हणजे चित्रपटही उत्तमच होणार, असा आपला भाबडा समज असतो. १९८४ सालचा 'फॉलिंग इन लव्ह' हा अमेरिकन चित्रपट पाहताना तो समज पार गळून पडतो. रॉबर्ट डी नीरो व मेरिल स्ट्रीप यांनी तोवर प्रत्येकी दोन ऑस्कर पारितोषिके मिळविली होती. १९७८ च्या 'द डिअर हंटर'मध्ये दोघांनी एकत्र काम केले होते. सोबतीला हार्वी कायटेल आणि डायान वीस्ट यांच्यासारखे कसलेले सहकलाकार. पटकथाकार मायकेल क्रिस्टोफर तर पुलित्झर पारितोषिकाचे मानकरी. एवढी शिदोरी असूनही दिग्दर्शक उलू ग्रॉसबार्ड यांनी वाढलेले पान अळणीच राहिले.

कथा साधी आहे. नाताळच्या आदल्या दिवशी न्यूयॉर्कमधील रिझोली या पुस्तकांच्या दुकानात फ्रँक आणि मॉली यांची टक्कर होते व पुस्तकांची अदलाबदल होते. फ्रँकने पत्नीसाठी घेतलेले बागकामाचे पुस्तक मॉलीच्या पतीला मिळते. त्याच्यासाठीचे नौकानयनाचे पुस्तक फ्रँकच्या घरी जाते. पुढे उपनगरी गाडीत ते पुन्हा भेटतात. रोज ठरावीक गाडीने जाणारा माणूस नकळत ठरावीक चेहऱ्याची वाट पाहू लागतो, हे आपणांपैकी अनेकांनी अनुभवले असेल. बीज सकस आहे. मशागत मात्र झालेली नाही.

ही दोन विवाहित माणसे परस्परांकडे का ओढली जातात? त्यांच्या संसारात काय उणे आहे? पटकथा मौन पाळते. त्यांचे संवाद इतके किरकोळ आहेत की प्रेमाचा सारा भार नटांच्या डोळ्यांवर येऊन पडतो. भेटीला निघण्यापूर्वी आरशासमोर एकामागून एक कपडे बदलणारी स्ट्रीप एका शब्दाविना मॉलीची घालमेल दाखविते. असे क्षण थोडेच.

याच विषयावर डेव्हिड लीन यांनी १९४५ मध्ये 'ब्रीफ एन्काउंटर' काढला. तेथेही रेल्वे स्थानक आहे, विवाहित स्त्री-पुरुष आहेत. परंतु तेथील नायिका मनातल्या मनात पतीजवळच कबुली देत असते. त्यामुळे समोर बसून शब्दकोडे सोडविणारा तो साधा गृहस्थ कथेबाहेर पडत नाही. ग्रॉसबार्ड यांच्या चित्रपटात पती-पत्नी केवळ अडसर म्हणून उरतात.

अपवाद एकाच प्रसंगाचा. 'काहीच घडले नाही,' असे फ्रँक सांगतो, तेव्हा ते अधिकच वाईट आहे, हे त्याच्या पत्नीला तत्क्षणी उमगते. जेन कॅझमरेक हिने ही लहानशी भूमिका जिवंत केली आहे. अनेक जोडप्यांची गाऱ्हाणी ऐकलेला धर्मगुरू म्हणून मी साक्ष देईन, की हे दुःख खरे आहे. देह राखूनही मन परके होऊ शकते आणि घराला ते आधी कळते. येथून चित्रपट खोल उतरू शकला असता. परंतु पत्नी मुलांना घेऊन घर सोडते आणि कथा पुन्हा प्रेमिकांमागे धावते. त्या मुलांचे काय झाले, हे विचारण्याची कोणाला सवड नाही. शेवटी पुन्हा नाताळ, पुन्हा तेच दुकान, पुन्हा तीच गाडी आणि मिठी.

या सुखाची किंमत कोणी मोजली, हे दाखविण्याचे धैर्य पटकथेत असते, तर या नटांच्या प्रतिभेचे चीज झाले असते.