अभिजात चित्रपट आणि डोंबाचे घर

आमच्या जिल्ह्याच्या गावी वस्तुसंग्रहालयाच्या सभागृहात महिन्यातून एका रात्री अभिजात चित्रपट दाखवितात. प्रवेश विनामूल्य, आधी एखाद्या विद्वानाचे भाषण, नंतर चर्चा. उपक्रम चांगला आहे. वसतिगृहातली मुले एरवी हे चित्रपट कुठे पाहणार? म्हणूनच त्याविषयी गंभीरपणे बोलले पाहिजे.

मालिकेचा प्रारंभ 'अयोध्येचा राजा'ने झाला. 1932 सालचा, व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केलेला प्रभातचा हा चित्रपट म्हणजे मराठीतील पहिला बोलपट. 1913 साली फाळक्यांनीही 'राजा हरिश्चंद्र'च काढला होता. मूकपट असो वा बोलपट, आरंभाला हीच कथा सुचावी हा निव्वळ योगायोग मला वाटत नाही. वक्त्यांनी गोविंदराव टेंबे यांचे गाणे आणि दुर्गा खोटे यांचा अभिनय यांवर रसाळ विवेचन केले. कथेविषयी मात्र, राजा सत्यवचनी होता, एवढेच.

माझा प्रश्न हरिश्चंद्राच्या सत्याविषयी नाही, त्याच्या दुःखाविषयी आहे. राज्य गेले, बायको-मुलगा विकला गेला; तरी या दुःखाची परिसीमा कोणती? तर राजाला डोंबाघरी पाणी भरावे लागले, मसणवट राखून प्रेतवस्त्राचा हक्क मागावा लागला. इथे प्रेक्षक हळहळतो. पण ज्याच्या घरी पाणी भरले त्या डोंबाचे काय? त्याचे तर ते रोजचेच जगणे. ते राजाच्या वाट्याला आले की मगच त्याला दुःख म्हणायचे! आमच्या आजे-पणज्यांनी गावच्या मसणात लाकडे वाहिली, मढ्यावरचे कापड हक्क म्हणून घेतले. कायद्याने ती वतने संपायला 1958 साल उजाडावे लागले. त्यांचे सत्त्व पाहायला कोणी विश्वामित्र आला नाही आणि शेवटी राज्य परत द्यायला कोणी देवही आला नाही.

'अभिजात' या शब्दाचा मूळ अर्थच उच्च कुळात जन्मलेला असा आहे. निवड करणाऱ्यांनी तो शब्दशः घेतला असावा.

पुढे बिमल रॉय यांचा 'सुजाता' (1959) दाखविला. चित्रपट प्रामाणिक आहे आणि नूतनने तो तोलून धरला आहे, हे मी आनंदाने मान्य करतो. पण सुजाता 'मुलीसारखी'ची 'मुलगी' केव्हा होते? आईला रक्त दिल्यावर. 'अछूत कन्या'मधील (1936) कस्तुरीला तर रेल्वेच्या फाटकाशी जीवच द्यावा लागला. आपले माणूसपण आम्ही दर वेळी कोणाच्या तरी उपयोगी पडून सिद्ध करायचे काय? चर्चेत हा प्रश्न निघाला तेव्हा 'कलाकृतीकडे कलाकृती म्हणून पाहावे' असे सांगण्यात आले. याच इमारतीच्या वरच्या मजल्यावर काचेच्या कपाटात महाराची घुंगुरकाठी आहे. खाली चिठ्ठी आहे: 'ग्रामीण जीवन'. ती कोणाच्या हातात असे, कोणी दिली, कशासाठी दिली, काही नाही. वर काठीचे जे केले तेच खाली चित्रपटाचे चालले आहे.

आयोजकांना मी नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' सुचविला. तो 2013 सालचा, अजून अभिजात झालेला नाही, असे उत्तर मिळाले. मग अत्र्यांचा 'महात्मा फुले' घ्या, म्हटले. 1954 सालचा आहे, राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळालेला आहे, मुहूर्ताला बाबासाहेब स्वतः हजर होते. त्यावर अद्याप उत्तर नाही.

तोवर विद्यार्थ्यांनी या खेळांना जरूर जावे. पुढच्या रांगेत बसावे, आणि चर्चा सुरू झाली की डोंबाविषयी विचारावे.