लाकडी पोराचे माणूसपण

कार्लो कोलोदी या इटालियन लेखकाची ‘पिनोकिओ’ ही कथा आम्ही मुलांसाठी म्हणून हाती घेतली आणि पालक म्हणून अंतर्मुख होऊन मिटली. १८८१ मध्ये ती एका बालसाप्ताहिकात क्रमशः सुरू झाली, तेव्हा लेखकाने आपल्या उनाड कळसूत्री बाहुल्याला झाडाला फासावर लटकवून कथा संपवली होती. वाचकांच्या आग्रहाखातर १८८२ मध्ये त्याला लेखणी पुन्हा उचलावी लागली.

कथेचे मर्म या उत्तरार्धात आहे. पिनोकिओ वारंवार वचन देतो आणि वारंवार मोडतो. त्याचा पश्चात्ताप खरा असतो. पण अश्रूंनी सवय सुटत नाही. आजारी बापाला पेलाभर दूध मिळावे म्हणून तो शंभर बादल्या पाणी उपसतो, पाच महिन्यांहून अधिक काळ रोज पहाटे उठतो, तेव्हा कुठे तो पालटतो. ‘पुन्हा असे करणार नाही’ एवढे वदवून घेऊन समाधान मानणाऱ्या आम्हां पालकांना ही चपराक आहे. मुलाला झेपेल असे काम आणि आणखी एक संधी द्यावी लागते.

शेवट मात्र आम्हांला खटकतो. खरा मुलगा झालेला पिनोकिओ खुर्चीला टेकलेल्या आपल्या जुन्या लाकडी देहाला हास्यास्पद ठरवतो. चांगले वागल्यावरच माणूसपण लाभते, हा संस्कार कोवळ्या मनाला जाचक ठरेल. म्हाताऱ्या जेपेत्तोने तर त्या ओबडधोबड लाकडालाच लेकरू मानले होते. चुकलेल्या मुलाला घरात प्रथम हेच कळावे: तू आमचाच आहेस, म्हणून तू बदलू शकतोस.