विस्थापितांची घरे व किनारा

शिरगाव-सातपाटीच्या पट्ट्यात मच्छीमाराचे घर चार भिंतींत संपत नाही. बोंबील सुकविण्याच्या वलांडी, जाळी दुरुस्त करण्याची ओटी आणि होडीपर्यंतची वाट ही त्या घराचीच अंगे होत. तारापूरच्या तिसऱ्या व चौथ्या अणुवीज संचांसाठी (२००५-०६) पोफरण व अक्करपट्टी ही गावे उठविण्यात आली. भूखंड, भरपाई यांची चर्चा पुष्कळ झाली. किनाऱ्यापासून तुटलेल्या ओटीची अल्पच. १९४७ नंतर सिंधी निर्वासितांनी कल्याणच्या लष्करी बराकींत आडोसे घालून संसार व धंदा मांडला, त्याचेच पुढे उल्हासनगर झाले. व्यापार असा उचलून नेता येतो. मासेमारी येत नाही. म्हणून येथे वाळवणाची सामाईक जागा व समुद्राकडील वहिवाट प्रथम आखावयास हवी होती, भिंती मागाहून.