जर-तरच्या इतिहासाची कसोटी

इतिहासात ‘जर’ला स्थान नाही, असे म्हणून पंडित मोकळे होतात, परंतु ललित लेखकाने तो शब्द टाकावयाचा, तर कल्पनेस काम ते काय उरले? प्रश्न एवढाच, की कोणता ‘जर’ वाचकास पटावा?

जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत विश्वासरावांवरील गोळी हुकते आणि पानिपतचा निकाल पालटतो. विज्ञानकथेस असा योगायोग शोभतो. शिवाय विजयापाशी न थांबता त्यापुढील जगही लेखकाने विचारपूर्वक उभे केले आहे. परंतु दोन राज्यांच्या मैत्रीची कल्पित कथा रचणाऱ्यास हीच युक्ती पुरेल काय? चौलचा इतिहास ‘नाही’ असे उत्तर देतो.

१५०८ च्या मार्चमध्ये चौलच्या खाडीत मिसरच्या सुलतानाचा सरदार अमीर हुसेन आणि दीवचा गुजराती अधिकारी मलिक अयाझ यांनी मिळून पोर्तुगीजांस हरविले. व्हाइसरॉयचा तरुण पुत्र लोरेन्सु द आल्मेदा तोफेच्या गोळ्याने पडला. येथे गोळा हुकला नाही, नेमका लागला. तरीही इतिहास पालटला नाही! ३ फेब्रुवारी १५०९ रोजी दीवपाशी मिसरच्या आरमाराचा धुव्वा उडाला आणि मलिक अयाझाने पोर्तुगीज कैदी परत करून समेट केला. मिसरला तांबड्या समुद्राकडील मसाल्याचा व्यापार राखावयाचा होता. मलिकास आपले दीव. शत्रू एक, हेतू दोन. दीवला जय मिळता, तरी १५१७ साली तुर्कांनी मिसरच घेतले, हे कसे विसरावे?

अधिक पटणारा ‘जर’ जवळच आहे. १५७०-७१ मध्ये निजामशहाने चौलास व आदिलशहाने गोव्यास एकाच वेळी वेढा घातला; दोन्ही फसले. हीच एकी अर्धशतक आधी झाली असती तर? परंतु त्या काळी निजामशहानेच चौलास पोर्तुगीजांना किल्ला बांधू दिला आणि पुढे सोलापूरसाठी तो आदिलशहाशी झुंजत राहिला. तेव्हा अशा कथेच्या लेखकाने आधी सोलापूरचा तंटा मिटवून दाखवावा, मगच तोफा डागाव्यात.

रेवदंड्याच्या माडांतील पडका तट पाहताना दैवास बोल लावणे सोपे असते. कारण मग आपल्या भांडणांचा हिशेब द्यावा लागत नाही. तो हिशेब मागते, तीच कल्पना इतिहासाच्या पंक्तीस बसण्यास पात्र होय.