‘पाहिजे’ ह्या शब्दाचा धनी कोण?

“रोपट्याला पाणी पाहिजे” असे आपण म्हणतो आणि “माणसाने खरे बोलले पाहिजे” असेही म्हणतो. पहिल्या वाक्यात गरज आहे, दुसऱ्यात कर्तव्य. शब्द मात्र एकच. ‘पाहणे’ ह्या क्रियापदाच्या जुन्या कर्मणी रूपातून तो आला आहे. कुणीतरी वाट पाहत आहे, अपेक्षा करीत आहे, असा भाव त्याच्या मुळाशी दडलेला आहे. पाहणारा कोण, हे शब्द सांगत नाही. एलिझाबेथ ॲन्स्कम (१९१९–२००१) ह्यांचा ‘मॉडर्न मॉरल फिलॉसॉफी’ हा १९५८ सालचा निबंध पुन्हा वाचताना आम्हांस आपल्या भाषेतील ह्या शब्दाची वारंवार आठवण झाली.

ॲन्स्कम ह्या विट्गेन्श्टाइनच्या शिष्या, त्याच्या ग्रंथांच्या अनुवादिका आणि तरुणपणी कॅथलिक श्रद्धा स्वीकारलेल्या विदुषी. तरीही प्रस्तुत निबंधात त्या श्रद्धेचा आधार घेत नाहीत. त्यांचे म्हणणे असे : यहुदी आणि ख्रिस्ती परंपरेने नीतीकडे नियम म्हणून पाहिले, कारण तिला नियमकर्ता ठाऊक होता. पुढे युरोपातील विचारवंतांनी नियमकर्त्याला निरोप दिला आणि नियमाची भाषा तेवढी ठेवून घेतली. फौजदारी कायदा व न्यायालये मोडीत निघावीत आणि ‘गुन्हेगार’ हा शब्द मात्र मागे राहावा, तशी ही अवस्था. म्हणून देव न मानणाऱ्या तत्त्ववेत्त्यांनी नैतिक सक्तीचा तो पोकळ शब्द सोडून द्यावा आणि ॲरिस्टॉटलप्रमाणे न्याय, सचोटी, धैर्य ह्या सद्गुणांचा व माणसाच्या खऱ्या गरजांचा विचार करावा, असा त्यांचा सल्ला आहे.

ह्या लेखनामागे केवळ पांडित्य नव्हते. हिरोशिमा व नागासाकीवर अणुबॉम्ब टाकण्याचा निर्णय घेणाऱ्या ट्रूमन ह्यांना १९५६ साली ऑक्सफर्ड विद्यापीठाने सन्माननीय पदवी देऊ केली, तेव्हा ॲन्स्कम ह्यांनी उघड विरोध केला. त्यांना साथ देणारे अगदी मोजके होते. निरपराध माणसांना हेतुपुरस्सर ठार मारणे हे कोणत्याही लाभाच्या हिशेबात बसविता येत नाही, हा त्यांचा आग्रह होता. सारे काही परिणामांच्या तराजूत तोलणाऱ्या विचारसरणीला इंग्रजीत आज जे नाव आहे, ते ह्याच निबंधाने दिले. पुढे त्याची अर्थच्छटा बदलली. पण १९९३ साली पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी ‘व्हेरितातिस स्प्लेंदोर’ ह्या परिपत्रकात अशा विचारसरणीचे परीक्षण केले तेव्हा तेच नाव वापरले. तत्त्वज्ञानाने घडविलेला शब्द ईशज्ञानाच्या कामी आला, ह्याहून संवादाचा बोलका पुरावा कोणता?

तथापि दोन ठिकाणी आमचे समाधान होत नाही. पहिले असे, की नियमकर्ता न मानणाऱ्याच्या तोंडी कर्तव्याची भाषा पोकळ ठरते, हे म्हणणे संत पौलाच्या शिकवणुकीशी सहज जुळत नाही. नियमशास्त्र न लाभलेल्या परराष्ट्रीयांच्याही अंतःकरणावर नियमाचे कार्य लिहिलेले आहे, असे तो रोमकरांस सांगतो. लिहिणाऱ्याचे नाव ठाऊक नसलेला माणूसही ते अक्षर वाचू शकतो. दुसरे असे, की निरपराधाला देहदंड देणे योग्य ठरू शकते काय, हा प्रश्न खुला मानणाऱ्याशी आपल्याला वादच घालायचा नाही, असे ॲन्स्कम म्हणतात. त्यांचा संताप आम्हांस समजतो. पण ज्याच्याशी बोलणे अत्यंत अगत्याचे, त्याच्याच तोंडावर दार लागते.

मात्र निबंधाचा खरा चटका बसतो तो आम्हा श्रद्धावंतांना. मुलाने “खोटे का बोलू नये?” असे विचारले, की “ते पाप आहे” एवढे सांगून आपण मोकळे होतो. उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. नियमकर्त्याचे नाव घेतले म्हणजे कारण सांगण्याची जबाबदारी संपत नाही. संत थॉमस अक्वायनस ह्यांच्या लेखी नियम म्हणजे सर्वांच्या हितासाठी, समाजाची काळजी वाहणाऱ्याने जाहीर केलेली विवेकाची व्यवस्था होय. नुसता हुकूम म्हणजे नियम नव्हे. म्हणूनच त्यांच्या ‘सुम्मा’त नियमाच्या विवेचनापेक्षा सद्गुणांच्या विवेचनाला कितीतरी अधिक जागा मिळाली आहे. असत्याने माणसामाणसांतला विश्वास वाळतो, जसे पाण्यावाचून रोपटे. देवाने ते वर्ज्य केले ते आपल्या कल्याणासाठी.

‘पाहिजे’ ह्या आपल्या शब्दात गरज आणि कर्तव्य एकाच घरात नांदतात. तत्त्वज्ञान त्यातील गरज उलगडून दाखवील. ईशज्ञान पाहणाऱ्याचे नाव सांगेल. शेजारच्या घरी ते नाव घेतले जात नसले, तरी गरजेपासून बोलणे सुरू करता येते. ॲन्स्कम ह्यांच्याशी मतभेद राखूनही हा धडा आम्ही त्यांच्याकडूनच घेतला, हे कृतज्ञतेने नमूद करतो.